ट्रॅक्टरचे सुळे

दादाचं आणि त्या ट्रॅक्टरचं पहिल्या दिवसापासून जमलं नव्हतं. ट्रॅक्टर तरी केवढा, लिंबाच्या दोन ओळींमधून अंग चोरून जाईल एवढाच. पुढे माती उचलायची बकेट, मागे अवजार जोडायचे दोन लोखंडी हात, आणि बसायची जागा अशी की दादासारखा आडमाप माणूस बसला की खालचा ट्रॅक्टर दिसेनासाच व्हायचा. वहिनीने हट्टाने तो घरी आणला तेव्हा दादाने त्याच्याभोवती एक फेरी मारली, चाकाला पायाने ढोसलं आणि विचारलं, "याला किल्ली कुठून भरायची?" वहिनीने वाकून चाकातली हवा तपासली. दादाच्या विनोदांना उत्तर देत बसलं की हातातलं काम राहतं, हे तिला लग्नानंतर लवकरच कळलं होतं.

वहिनी म्हणजे दादाची बायको. सगळी वस्ती त्याला दादा म्हणायची, त्यामुळे ती आपोआप सगळ्यांची वहिनी झाली होती. तिच्याहून वयाने मोठी माणसंही तिला वहिनीच म्हणत आणि तिला त्यात काही गैर वाटत नसे.

दादाला यंत्राचा राग नव्हता, त्याला स्वतःच्या पाठीचा गर्व होता. दरवर्षी छाटणी झाली की कापलेल्या काटेरी फांद्या तो ओळींमध्ये नीट रचून ठेवायचा, सगळे बुंधे एका बाजूला आणि सगळे शेंडे दुसऱ्या बाजूला. मग एकेका भाऱ्याला दोर लावून तो पाठीवर घ्यायचा आणि उतार उतरून खालच्या खड्ड्यात नेऊन टाकायचा. समोरून बघणाऱ्याला फक्त एक झाड दोन पायांवर चालत येताना दिसायचं. वाटेत कोणी भेटलं तर झाडाच्या आतून आवाज यायचा, "काय, बरं आहे ना?" असं करत त्याचा उभा जन्म गेला होता आणि त्याला वाटायचं की बाग जी काही उभी आहे ती या पाठीवर.

त्या वर्षी वादळ आलं. निम्म्या झाडांच्या फांद्या चिरफाळल्या, म्हणून दादाने सगळी बाग कधी नव्हे इतकी खोलवर छाटली. कापून झालं, रचून झालं, आणि भारे वाहायला सुरुवात केल्यावर एका सकाळी त्याच्या कमरेत काहीतरी कट्कन वाजलं. तो ओरडलासुद्धा नाही. भारा पाठीवर तसाच घेऊन गुडघ्यांवर बसला आणि वहिनी येईपर्यंत तिथेच राहिला.

डॉक्टरीणबाईंनी कमरेचा एक्स-रे उजेडासमोर धरून पाहिला. "आता पुन्हा वजन उचललंत ना, तर डावा पाय गेला म्हणून समजा," त्या म्हणाल्या. "मी तुम्हाला घाबरवत नाहीये. सांगतेय."

दादा घरी आला आणि बाहेरच्या खोलीत खिडकीजवळच्या कडक फळीवर आडवा झाला. खिडकीतून अंगण दिसायचं, अंगणापलीकडे बाग, आणि बागेत ओळीच्या ओळी न उचललेल्या छाटणीच्या. ती तशी राहू देणं शक्य नव्हतं. कापलेल्या लाकडात भुंगा अंडी घालतो, आणि बहर येतो त्याच सुमारास भुंग्यांची नवी फौज बाहेर पडून उभ्या झाडांच्या खोडात शिरते. एकदा शिरली की झाड आतून भुसा होतं, वरून मात्र वर्षभर हिरवं दिसतं. कळ्या फुटायच्या आत छाटण बागेबाहेर गेलीच पाहिजे, हे लिंबू लावणारं शेंबडं पोरही सांगेल. आणि माणसं मिळत नव्हती, कारण वादळ काही एकट्या दादाच्या बागेवर आलं नव्हतं.

दादाचा चुलतभाऊ शेजारीच राहायचा. त्याला गाळे बांधायला जागा हवी होती आणि हा उतार त्याच्या मनात कधीचा भरला होता. माणूस वाईट नव्हता, रोज संध्याकाळी येऊन दादाची विचारपूस करायचा. फक्त बोलता बोलता खिडकीतून बागेकडे असा बघायचा जसा शिंपी कापडाकडे बघतो. अशाच एका संध्याकाळी, पाय बधिर झालेला असताना आणि मन त्याहून बधिर असताना, दादा त्याला म्हणाला, "हे बघ, कळ्या फुटेपर्यंत ही छाटण बाहेर निघाली नाही तर बाग तू घे. झाडं किडून मरताना मला बघायची नाहीत. त्यापेक्षा एका घावात जाऊ देत."

"असं काय बोलतोस, दादा," चुलतभाऊ म्हणाला. पण नको म्हणाला नाही.

स्वयंपाकघरात झाकण पडल्याचा आवाज आला. दादा दिलेला शब्द फिरवत नाही, हे झाकण पाडणारीला कोणी सांगायची गरज नव्हती.

दुसऱ्या दिवशी वहिनीने ट्रॅक्टर बागेत घातला. बकेट खाली टेकवून फांद्यांच्या ढिगाकडे नेली. बकेट मातीसाठी असते. माती गुमान आत येते, फांद्या येत नाहीत. ढीग पुढे पुढे सरकत गेला, लवलवत राहिला, आणि बकेटमध्ये शेवटी आल्या त्या चार काटक्या. दादा खिडकीतून बघत होता. त्याने विनोदसुद्धा केला नाही, आणि वहिनीला नेमकं तेच लागलं. तिने ट्रॅक्टर बंद केला, अंगणात उभी राहून ठिणगीला फोन केला आणि म्हणाली, "तुझं मशीन घेऊन ये. ट्रॅक्टरला सुळे लावायचेत."

ठिणगी ही दादाची धाकटी बहीण. बाजाराच्या टोकाला तिचं वर्कशॉप होतं. फाटकं, खिडक्यांच्या जाळ्या, जिन्याचे कठडे असलं सगळं ती बनवायची. टोपणनाव धंद्यावरून पडलं की स्वभावावरून, यावर घरात दोन मतं होती. ती दुपारीच टेम्पोतून वेल्डिंगचं मशीन आणि जाड चौकोनी पाइप घेऊन हजर झाली.

"सुळे म्हणजे नक्की काय गं?" तिने विचारलं.

वहिनीने अंगणातल्या धुळीत काटकीने काढून दाखवलं. चार लांब दाते, एकमेकांपासून हातभर अंतरावर. मागची टोकं बकेटच्या पोटात थेट पाठीपर्यंत जाणार, मध्ये बकेटच्या ओठावर टेकणार, आणि पुढे माणूसभर लांब बाहेर निघणार. पुढे ओझं पडलं की मागचं टोक वर उसळणार, म्हणून तिथे एक आडवा अँगल, आणि त्यावर दोन उभे तुकडे, बकेटच्या वरच्या काठाखाली घट्ट अडकणारे. बकेटला भोक एकही पाडायचं नाही. काम झालं की बोल्ट सैल करून सगळं निघून आलं पाहिजे.

ठिणगी त्या रेघांकडे बघत राहिली. "वहिनी, हे तू कधी काढलंस डोक्यातून?"

"भाकऱ्या भाजता भाजता. तुझ्या भावाला रोज खिडकीत बघून बघून."

"माझी काय चेष्टा चाललीय तिथे?" खिडकीतून आवाज आला.

"चेष्टा नाही, दादा, माप घेतोय," ठिणगी ओरडली. "तू डोळे मीट आता. इकडे बघू नकोस, रात्रभर चुरचुरतील."

दादाने तोंड भिंतीकडे केलं. मग छतावर निळा उजेड नाचायला लागला. तो तडतड आवाज त्याने ठिणगीच्या वर्कशॉपवरून जाताना कितीदा ऐकला होता आणि कधी थांबला नव्हता. बहीण जाळ्या बनवते, एवढंच त्याच्या डोक्यात होतं. आता छतावर तो उजेड पेटायचा, विझायचा, पुन्हा पेटायचा, आणि दर वेळी दादाला वाटायचं की खोलीत कोणीतरी वीज आणून सोडलीय आणि ती आपल्या त्या शेंबड्या बहिणीचं ऐकतेय. लहानपणी ही काडेपेटीला भ्यायची. तिला चूल पेटवून द्यायला तो लागायचा.

तडतड थांबल्यावर ती खिडकीशी आली आणि गार झालेला जोड त्याच्यासमोर धरला. वरची काळी खपली तिने हातोडीने टकटक करून काढली. खालून चकचकीत शिवण निघाली, बारीक, एकसारखी, कुठे टाका चुकलेला नाही.

दादाने तिच्यावरून अंगठा फिरवला. "लोखंड शिवलंयस तू," तो म्हणाला.

"मग आजवर काय करत होते असं वाटत होतं तुला?"

दादाने जोड उलटा करून दुसऱ्या बाजूची शिवणही पाहिली. 

दुसऱ्या दिवशी सुळे तयार झाले. रंगबिंग नव्हता, पण दिसायला देखणं काम. ट्रॅक्टरवर वहिनी, बाजूला ठिणगी, खिडकीत दादा. वहिनीने सुळे जमिनीलगत खाली घेतले, ढिगाकडे नेले, आणि ढीग निमूटपणे त्यांच्यापुढे सरकायला लागला. सरकत सरकत ओळीच्या टोकापर्यंत गेला. वहिनी थांबली, मागे आली, पुन्हा गेली. फांद्या उचलायच्या सोडून ट्रॅक्टर बाग झाडत होता.

"अगं ठिणगे," खिडकीतून दादा म्हणाला, "पुढे ते काय आहे?"

ठिणगीने पुढे बघितलं आणि कपाळाला हात लावला. चारही दात्यांची पुढची टोकं तिने एका आडव्या पट्टीने जोडून टाकली होती. एकदम सुरेख, काटकोनात, घासून गुळगुळीत. दाते ढिगाखाली शिरणार कुठून? त्यांची तोंडंच बंद होती.

"तू फाटक केलंस," वहिनी म्हणाली.

"गेली इतकी वर्षं फाटकंच करतेय मी! उघडं टोक ठेवलं की कोणाच्या तरी डोळ्यात जातं. माझा हात आपोआप चौकट पुरी करतो."

दादा हसायला लागला. हसताना कमरेतून कळ गेली तरी हसत राहिला. पाठ गेल्यापासून तो पहिल्यांदाच हसत होता, म्हणून वहिनीनेही ठिणगीला आणखी काही म्हटलं नाही. ठिणगीने कुरकुरत ग्राइंडर घेतला, पट्टी कापली, टोकं निमुळती केली आणि पुढून जराशी वर वळवली.

आता दाते शिरले. कसेबसे, खडखडत, फांद्यांच्या बेचक्यांत अडकत, पण शिरले. वहिनीने दांडा मागे ओढला. ढीग हलला, कुरकुरला आणि जमिनीवरून उठला. ढीग गुडघ्याएवढा वर गेला आणि त्याबरोबर ट्रॅक्टरची मागची चाकंही वर आली. वहिनी सीटवरून पुढे घसरली. तिने दांडा झटक्याने पुढे लोटला, ढीग धाडकन आपटला, चाकं धप्पकन खाली आली, आणि एक दाता मुळापाशी वाकला.

दादा अंगणात उभा होता. खिडकीपासून अंगणापर्यंत तो कसा आला हे त्याला स्वतःलाच माहीत नव्हतं. अनवाणी, भिंतीला धरून, तोंडचं पाणी पळालेलं.

"उतर," तो म्हणाला. "आधी उतर खाली. जाऊ दे बाग. मला तू हवी आहेस."

असलं काही दादा चारचौघांत बोलणारा नव्हता. ठिणगीने उगीचच पक्कड शोधायला घेतली. वहिनी उतरली, त्याचा हात धरून त्याला आत नेलं आणि फळीवर निजवलं. ठिणगी वाकलेला दाता घेऊन गेली, उद्या जाड पाइप आणते म्हणाली.

दादाला झोप लागली नाही. फटफटलं तेव्हा त्याने खिडकीतून जवळच्या झाडाकडे पाहिलं. पानांच्या बगलांत बारीक जांभळट ठिपके होते. कळ्या आल्या होत्या. अजून मिटलेल्या, पण आल्या होत्या.

वहिनी उठली तेव्हा फळी रिकामी होती. ती धावत बागेत गेली. दादा पहिल्या ओळीत जमिनीवर बसला होता, एका फांदीचा बुंधा दोन्ही हातांनी धरून. फांदी फार मोठी नव्हती. त्याने ती जेमतेम चार पावलं ओढली होती, त्याचा माग मातीत दिसत होता. डावा पाय अंगाखाली वेडावाकडा पडला होता आणि तो त्याला दुसऱ्याच्या पायासारखा हाताने उचलून सरळ करत होता.

वहिनी ओरडणार होती. तिने त्याचा चेहरा पाहिला आणि त्याच्या शेजारी मातीत बसली.

"एक फांदी," दादा म्हणाला. "एक फांदी गं. मी भारे न्यायचो."

"माहीत आहे मला. मी बघत होते ना."

"मग आता मी कशाला आहे इथे?"

खोटं उत्तर वहिनीला द्यायचं नव्हतं. ती समोरच्या ढिगाकडे बघत राहिली. दादाने पाठ जायच्या आधी रचलेले ते ढीग, सगळे बुंधे घराच्या बाजूला, सगळे शेंडे उताराच्या बाजूला. बघता बघता तिच्या कपाळावर आठी पडली.

"अहो," ती म्हणाली, "भारा पाठीवर घेताना तुम्ही बुंधे कुठे घ्यायचात?"

"मानेकडे. जड बाजू अंगाजवळ. शेंडे मागे लोंबू द्यायचे, नाहीतर भारा मागे ओढतो."

"आणि दोर कुठून घालायचात खालून?"

"बुंध्याकडून. शेंड्याकडून घातला तर बेचक्यांत अडकतो. हे काय आता विचा..." दादा थांबला. त्याने ढिगाकडे पाहिलं, मग अंगणातल्या ट्रॅक्टरकडे, मग पुन्हा ढिगाकडे. "तुम्ही काल कुठून शिरलात?"

"उताराकडून. शेंड्यांकडून."

"उलटं!" दादा म्हणाला. "सगळं उलटं गं! जड बाजू टोकाला गेली, मग चाकं उठणार नाहीत तर काय? बुंध्यांकडून घाल. जड ते जवळ. आणि मागे काहीतरी जड बांध, ते अंगणातलं पिंप दगड भरून बांध. मी काय भारा घेऊन सरळ उभा राहायचो होय? माझं ओझं मागे, म्हणून मी अंग पुढे टाकूनच उतार उतरायचो."

वहिनीने त्याला खांद्याला धरून उठवलं. हळूहळू, झाडांना धरत ते अंगणात आले. दादाचा पाय अजून ओढतच होता, पण तोंड थांबत नव्हतं.

ठिणगी आली तेव्हा अंगणात लोखंडी पिंप आडवं पडलं होतं आणि वहिनी त्यात बांधावरचे दगड भरत होती. ठिणगीने काही न विचारता पिंपाला आरपार जाड सळई घातली, ट्रॅक्टरच्या मागच्या दोन हातांमध्ये ती अडकवली, साखळीने आवळली, वाकलेल्या जागी नवा दाता शिवला. दादा खुर्चीवर बसून होता. या वेळी त्याने तोंड फिरवलं ते स्वतःहून, आणि पाठीमागे तो तडतड आवाज ऐकताना तो लहान मुलासारखा हात मांडीवर घेऊन बसला होता.

उन्हं वर आली तेव्हा ट्रॅक्टर बागेत गेला. मागे पिंप, पुढे सुळे. दादाची खुर्ची ओळीच्या तोंडाशी, वाटेपासून दूर ठेवली होती.

"खाली," दादा म्हणाला. "अजून खाली. मातीला घासू दे. आता सरळ, हळू."

दाते बुंध्यांखाली शिरले. कुठे खडखड नाही, कुठे अडकणं नाही. फांद्या ज्या दिशेने झाडावर वाढल्या होत्या त्याच दिशेने लोखंड त्यांच्याखालून सरकत गेलं. एक ढीग संपला तरी वहिनी थांबली नाही, त्याच्या पुढचा ढीग त्याच्यावर चढला, मग त्याच्याही पुढचा. बुंधे बकेटच्या पाठीला जाऊन टेकले तेव्हा ती थांबली. तिने बकेट आधी मागे झुकवली, जशी आई मूल छातीशी घेताना मागे झुकते तशी, आणि मग दांडा ओढला.

ढीग उठला.

दादाने आयुष्यात पुष्कळ फांद्या पाहिल्या होत्या, पण त्या नेहमी पाठीवर होत्या किंवा पायाशी होत्या. अख्खा ढीग हवेत तरंगताना त्याने कधी पाहिला नव्हता. त्याचा दिवसभराचा घाम, कितीतरी खेपा, त्या सगळ्या एकत्र जमिनीवरून उठल्या आणि आवाजसुद्धा कसला, तर फक्त ट्रॅक्टरची एक घुरघुर जरा खोल झाली. ढिगाखालून उजेड आला. सुकलेली पानं झरझर गळून पडली. काट्यांच्या त्या भल्यामोठ्या जंजाळातून पलीकडचं आकाश तुकड्यातुकड्यांनी दिसलं, आणि खाली इतके दिवस दबलेलं पिवळं गवत मोकळं झालं. मागची चाकं जमिनीला घट्ट धरून होती.

"आई गं," ठिणगी पुटपुटली. स्वतःच शिवलेल्या लोखंडाकडे ती असं बघत होती जसं ते तिने केलेलंच नाही.

दादाचा हात आपोआप छातीवर गेला होता. ट्रॅक्टर ढीग घेऊन त्याच्यासमोरून गेला, ओळीला कुठेही न घासता, कारण फांद्या आडव्या नव्हत्या, लांबीने होत्या. शेंडे पुढे लवलवत होते. वहिनी त्या हिरव्या-करड्या डोंगरामागे दिसतसुद्धा नव्हती. झाडाच्या आतून तिचा आवाज आला, "वाट मोकळी आहे का हो?"

"मोकळी आहे," दादा म्हणाला. ट्रॅक्टरच्या आवाजात तिला ऐकू गेलं नसावं म्हणून पुन्हा मोठ्याने म्हणाला, "ये, मोकळी आहे!"

त्यानंतरचे दिवस दादा ओळीओळीने खुर्ची पुढे नेत बसला. कोणता ढीग आधी, कुठून शिरायचं, कुठे उतार जास्त आहे म्हणून ओझं खाली ठेवून चालवायचं, हे तो सांगायचा आणि वहिनी करायची. चुकलं की तो ओरडायचा, आणि तो चुकला की ती. बाग मागून मोकळी होत येत होती. कळ्या जांभळट होत्या त्या पांढऱ्या व्हायला लागल्या होत्या. दर वेळी ढीग उठला की दादा बोलायचा थांबायचा. ते त्याला सवयीचं झालंच नाही.

कळ्या फुटायच्या बेतात आल्या तेव्हा चुलतभाऊ आला, बागेच्या शब्दानंतर तो इकडे फिरकला नव्हता. आता दिलेल्या शब्दाचं काय, हे विचारायचं कसं याची तयारी करूनच आला असावा, कारण ओळीच्या तोंडाशी येऊन तो घसा खाकरत उभा राहिला. बागेत एकच ढीग उरला होता, सगळ्यांत वरचा, सगळ्यांत मोठा. वादळाने पाडलेल्या जाड फांद्या दादाने त्यात घातल्या होत्या. त्यातलाच भारा नेताना त्याची पाठ गेली होती.

"दादा," चुलतभाऊ म्हणाला, "मी म्हटलं, बघून यावं..."

"बाग देत नाही रे," दादा म्हणाला. "हा एक ढीग निघाला की सगळी छाटण बाहेर. कळ्या अजून मिटलेल्या आहेत, बघ हवं तर."

चुलतभावाने कळ्या पाहिल्या नाहीत. तो रिकाम्या ओळींकडे पाहत होता, एकीमागून एक, थेट उतारापर्यंत. "हे सगळं... त्या ट्रॅक्टरने?"

"त्या ट्रॅक्टरने," दादा म्हणाला, आणि वहिनीकडे वळला. "अगं, हा मी उचलू का? चालवत नाही. जागच्या जागी फक्त उचलतो. मग तू ने."

वहिनीने ठिणगीकडे पाहिलं. डॉक्टरीणबाईंनी धक्के नकोत म्हटलं होतं, बसू नका म्हटलं नव्हतं. वहिनीने दाते ढिगाखाली नीट घातले, ट्रॅक्टर बंद न करता ब्रेक आवळला, आणि दोघींनी मिळून दादाला सीटवर चढवलं. ठिणगी चाकाशी उभी राहिली. वहिनीने त्याचा हात घेऊन दांड्यावर ठेवला.

"मागे ओढा. अगदी हळू."

दादाने हळू ओढला. त्याचे खांदे सवयीने ताठ झाले, मान खाली गेली, दात आवळले गेले. पाठ वजनाची वाट बघत होती. वजन आलंच नाही. ढीग त्याच्या डोळ्यांसमोरून वर गेला, गुडघ्यापर्यंत, छातीपर्यंत, डोक्याच्याही वर, आणि त्याच्या हाताला लागत होती फक्त दांड्याची बारीक थरथर. त्याचे खांदे हळूहळू सैल झाले. उभा जन्म त्याला वाटत आलं होतं की बाग त्याच्या पाठीवर उभी आहे. ती नव्हती. हे कळल्यावर त्याला वाईट वाटायला हवं होतं, पण वर त्या फांद्यांतून ऊन गळत होतं आणि त्याला फक्त बघत राहावंसं वाटत होतं. चुलतभाऊही मान वर करून, तोंड उघडं ठेवून बघत होता.

"अहो," थोड्या वेळाने वहिनी म्हणाली, "उतरा आता, मी नेते. किती वेळ धरून ठेवणार? जड आहे ते."

दादाने तिच्याकडे पाहिलं. त्याचे डोळे वाहत होते आणि ते पुसायचं त्याला सुचत नव्हतं.

"कुठे गं जड आहे?" तो म्हणाला.